वहिनीचा ताप उतरला आणि आम्ही बेटावर निघालो होतो : थायलंड ट्रिपमधल्या डेंगूची पूर्ण केस

आधी कोण कोण होतं ते सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको. दादा, वहिनी, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, मी आणि माझा नवरा. नोव्हेंबर, नऊ रात्रींचा प्लॅन, तीन रात्री बँकॉक, मग सोमवारी विमानाने क्राबी आणि तिथून बोटीने को फी फी बेटावर चार रात्री, शेवटी परत बँकॉक दोन रात्री आणि रविवारी घरी. बेटावरचा बंगला दादाने सहा महिने आधी बुक केला होता, नॉन रिफंडेबल, कारण त्यात दोन हजार बाट वाचत होते. ह्या दोन हजार बाटचा पुढे बराच त्रास झाला.

शुक्रवारी सकाळी उतरलो. शनिवारी संध्याकाळी वहिनीला ताप, डायरेक्ट ३९.४. डोकं प्रचंड दुखतंय, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यासारखी. आम्ही म्हटलं प्रवासाचा शीण असेल, एसीतून उन्हात आणि उन्हातून एसीत चाललंय दोन दिवस. दादा खालच्या फार्मसीत गेला आणि अंगदुखी आणि ताप एवढंच सांगून आयबुप्रोफेनची पट्टी घेऊन आला, वहिनीने रात्रीतून दोन गोळ्या घेतल्या. बरं वाटलं तिला, म्हणूनच तर कोणाला शंका आली नाही.

रविवारी सकाळी ताप परत ३९ च्या वर. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने वहिनीचा चेहरा बघितला (लालबुंद झाला होता, गाल आणि गळा) आणि म्हणाली, खाय लुएत ऑक. थाई भाषेत डेंगूला हेच म्हणतात, खाय म्हणजे ताप आणि लुएत ऑक म्हणजे रक्त बाहेर येणं. अर्थ कळल्यावर दादाचं तोंड उतरलं. तिनेच जवळचं क्लिनिक सांगितलं आणि तिथे एनएसवन टेस्ट पॉझिटिव्ह आली. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ही टेस्ट व्हायरसचंच प्रोटीन पकडते म्हणून एवढ्या लवकर कळलं, अँटीबॉडीची टेस्ट त्या दिवशी केली असती तर बहुधा निगेटिव्ह आली असती आणि आम्ही खुशाल सोमवारचं विमान पकडलं असतं.

दादा पहिले हॉटेलवर भडकला, तुमच्याकडे डास आहेत म्हणून. क्लिनिकच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, कधी आलात. शुक्रवारी. मग ते म्हणाले, डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस जातात, म्हणजे तुम्ही हा ताप सोबत घेऊन आलात. मला हे फार लागलं कारण आम्ही बाहेरगावी आजारी पडलो की तिथल्या पाण्याला नाहीतर तिथल्या जेवणाला नावं ठेवून मोकळे होतो. आणि ह्यातून दुसरी एक गोष्ट निघाली जी आमच्या डोक्यात आलीच नव्हती, घरातला तोच डास भाच्याला आणि दादालाही चावलेला असू शकतो. त्यामुळे सगळ्यांचं टेंपरेचर दोन आठवडे रोज बघायला सांगितलं, आणि वहिनीला ताप आहे तोवर डास चावू द्यायचा नाही असंही, कारण त्या दिवसांत तिला चावलेला डास पुढे दुसऱ्याला डेंगू देऊ शकतो. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून दिवसभर बाल्कनीत बसायचं ह्याला काही अर्थ नाही.

आयबुप्रोफेन ताबडतोब बंद. ॲस्पिरिनही नाही. दोन्हीने रक्तस्राव वाढू शकतो आणि डेंगूत प्लेटलेट आधीच पडत असतात. फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून, पाणी आणि ओआरएस. लघवी दर चार ते सहा तासांनी व्हायलाच हवी, नाही झाली तर लगेच यायचं. आणि रोज सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट.

आकडे

ते मी वहीत लिहून ठेवले होते, तसेच देते, कारण सगळी केस त्या दोन कॉलममध्येच आहे. रविवार, तापाचा दुसरा दिवस, प्लेटलेट १ लाख ६८ हजार, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते) ३८. सोमवार १ लाख २१ हजार आणि ३८. मंगळवार ८४ हजार आणि ४०. बुधवार सकाळ ४१ हजार आणि ४५.

आम्ही सगळे फक्त पहिला आकडा बघत होतो. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी तेवढाच टाकायचो आणि मग तिथून पपईच्या पानांचा रस द्या, किवी द्या, प्लेटलेट चढवा म्हणावं त्यांना, असे सल्ले. दुसऱ्या आकड्याकडे, हिमॅटोक्रिटकडे, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. आणि डॉक्टरांचं सगळं लक्ष त्यावर होतं.

सोमवारचं क्राबीचं विमान सोडलं, तिकिटाचे पैसे गेले. पण दादाने बेट काही डोक्यातून सोडलं नव्हतं. त्याचं गणित असं, चार रात्रींचे पैसे भरलेत, सोमवार-मंगळवार गेले तर गेले, बुधवारी पोचलो तरी दोन रात्री मिळतात, आणि हॉटेलच्या खोलीत पडून राहण्यापेक्षा समुद्राच्या हवेत ती लवकर बरी होईल. मला त्याचं हसू येत नाही कारण मलाही हेच वाटत होतं. आजारपणातून उठलेल्या माणसाला हवापालट, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय.

आणि बुधवारी सकाळी ताप उतरला. ३६.८. चार दिवसांनी पहिल्यांदा. वहिनी उठून बसली, म्हणाली डोकं हलकं वाटतंय, चहा द्या. भाच्याने पोहायचे गॉगल बॅगेत टाकले. सीबीसीचं रक्त देऊन आलो होतो, रिपोर्ट यायचा होता, आणि दादा लॅपटॉपवर दुपारच्या विमानात पाच सीट शोधत होता. त्याने नावंसुद्धा भरली होती, फक्त कार्डाचा नंबर टाकायचा बाकी होता, तेवढ्यात वहिनीला उलटी झाली. मग अर्ध्या तासात दुसरी. मग तिसरी. पोट दुखतंय म्हणाली, उजव्या बाजूला वर. हात गार लागत होते, मी म्हटलं ताप उतरला म्हणून गार असतील.

नाही. हाच ह्या केसचा मुद्दा आहे.

डेंगूत तापाचे दिवस बहुतेक वेळा सर्वात धोक्याचे नसतातच. ताप तीन ते सात दिवस चालतो आणि तो उतरायच्या सुमारास, पुढचे २४ ते ४८ तास, रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पाणी झिरपून पोटात आणि छातीत जायला लागतं. सगळ्यांना नाही होत. पण ज्यांना होतं त्यांना नेमकं तेव्हाच होतं जेव्हा थर्मामीटर बघून घरचे सुस्कारा सोडतात. रक्तातलं पाणी गेलं की उरलेलं रक्त दाट होतं आणि हे दाट होणं हिमॅटोक्रिटमध्ये दिसतं. ३८ वरून ४५. मूळ आकड्याच्या २० टक्के वाढ ही मोठी खूण धरतात, ३८ वर ती ४५.६ ला येते, म्हणजे आम्ही अगदी उंबऱ्यावर होतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून जाणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, आणि हिमॅटोक्रिट चढत असताना प्लेटलेट झपाट्याने पडणं, ह्यांना डब्ल्यूएचओच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये धोक्याच्या खुणा म्हटलंय. वहिनीला एकावेळी तीन होत्या. आणि आम्ही विमानाच्या सीट निवडत होतो, खिडकीची कोणाला हवी वगैरे.

नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. अक्षरशः झाकण मिटलं. दादा काही बोलला नाही.

हॉस्पिटलमधले तीन दिवस

क्लिनिकने रिपोर्ट बघून थेट मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. थायलंडमध्ये अँब्युलन्सचा नंबर १६६९ आहे आणि टुरिस्ट पोलिसांचा ११५५, दोन्ही मी फोनमध्ये टाकून ठेवले होते पण आम्ही टॅक्सीनेच गेलो, पंधरा मिनिटांत पोचलो. ही पंधरा मिनिटं लक्षात ठेवा, पुढे बीचचं ठरवताना हाच हिशेब कामाला आला.

तिथल्या डॉक्टरबाई साठीच्या असतील. बँकॉकमध्ये १९५८ साली रक्तस्रावी डेंगूची मोठी साथ आली होती, तेव्हापासून ह्या लोकांनी ह्या आजाराचा इतका अभ्यास केलाय की त्यांच्या हालचालीत घाई अजिबात नव्हती. दर तासाला बीपी. त्यातही त्या वरचा आकडा बघत नव्हत्या, वरच्या आणि खालच्या मधलं अंतर बघत होत्या. वहिनीचं एकदा १००/७६ आलं तेव्हा नर्सने लगेच फोन केला. मला वाटलं १०० म्हणजे ठीक आहे की. नंतर कळलं की हे अंतर २० किंवा त्याखाली आलं की शॉक धरतात, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडायला लागलंय, आणि वरचा आकडा शेवटपर्यंत बरा दिसू शकतो.

त्यात तिची पाळी सुरू झाली, चार दिवस आधीच आणि खूप जास्त. हे कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. प्लेटलेट ३०-४० हजार असताना पाळी येणं हा खरोखरचा रक्तस्राव आहे आणि तो डॉक्टरांना सांगायचा असतो, किती पॅड लागले ते आकड्यात सांगायचं. वहिनी दादासमोर बोलायला लाजत होती, मी सांगितलं. त्यांनी तो आकडा चार्टवर लिहून घेतला आणि त्यासाठी औषध दिलं.

गुरुवारी प्लेटलेट २९ हजार. फॅमिली ग्रुपवर आकांत. प्लेटलेट चढवत का नाहीत, परदेशात आहात म्हणून टाळाटाळ करतायत, एक काकांनी तर दूतावासाचा नंबर पाठवला. डॉक्टरबाईंचं म्हणणं, नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट देत नाहीत, मोठा रक्तस्राव असेल तर देतात, दिलेल्या प्लेटलेट फार टिकतही नाहीत आणि त्या पिशवीचं पाणी शरीरात जातं ते वेगळंच. पपईच्या रसाबद्दल विचारायचं धाडस मी केलं. त्या हसल्या, म्हणाल्या तिला आधीच उलट्या होतायत, कडू रस कशाला.

शुक्रवारी हिमॅटोक्रिट ४० वर आलं, प्लेटलेट ३६ हजार, वहिनीने जोक मागितलं, जोक म्हणजे तिथली तांदळाची दाट पेज. आणि त्यांनी सलाइन काढलं. दादा परत भडकला, २९ चे ३६ च तर झालेत, अजून दोन बाटल्या लावा. इथे मलाही नवीन कळलं. बाहेर झिरपलेलं पाणी पुढच्या ४८ ते ७२ तासांत आपोआप परत रक्तात येतं, त्यावेळी वरून सलाइन चालू ठेवलं तर पाणी जास्त होऊन छातीत भरू शकतं, माणूस डेंगूतून वाचून सलाइनने धापा टाकायला लागतो. सलाइन म्हणजे ताकद हे आपलं समीकरण त्या खोलीत मोडलं.

शनिवारी डिस्चार्ज. ४८ तास ताप नाही, भूक आहे, लघवी व्यवस्थित, सलाइनशिवाय हिमॅटोक्रिट स्थिर आणि प्लेटलेट चढत्या, ६८ हजार. पायांवर लाल पुरळ उठलं होतं आणि त्यात मधेमधे पांढरे गोल, लाल समुद्रात पांढरी बेटं म्हणतात त्याला. भाचा म्हणाला, मम्मी, बेटं तुझ्या पायावरच आली. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसलो.

मग बीचला गेलो का? गेलो

रविवारचं घरचं विमान रद्दच होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं सोमवारी परत रक्त तपासा आणि विमानाचं त्या आठवड्याच्या शेवटी बघा. आम्ही पुढच्या शुक्रवारची तिकिटं घेतली. पासपोर्टवरचा शिक्का तपासला, किती तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते, कारण जास्त राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड असतो. आमच्याकडे भरपूर दिवस होते.

मग प्रश्न आला हे मधले दिवस कुठे काढायचे. माझा नवरा म्हणाला इथेच राहू, हॉस्पिटल जवळ आहे. त्याचं बरोबर होतं पण हॉटेलची खोली चौदा बाय बारा, खिडकीबाहेर फ्लायओव्हर, भाचा कंटाळून वेडा झालेला आणि वहिनीला झोप म्हणून लागत नव्हती. दादा म्हणाला, फी फीवाला बंगल्याच्या तारखा बदलून देतोय. आणि वहिनी स्वतः म्हणाली, मला समुद्र बघायचाय, एवढं आलोय तर.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, ती बीचला जाऊ शकते का. त्यांनी उलट मलाच विचारलं, कुठल्या बीचला, आणि रात्री दोन वाजता तिला पोटात दुखायला लागलं तर तुम्ही किती वेळात मला दिसाल?

माझ्या मते सगळ्या आजारपणातल्या प्रवासाचा हा एकच प्रश्न आहे. पेशंटला झेपेल का हा प्रश्न नंतरचा. को फी फीवर गाडीचा रस्ताच नाही. तिथे छोटं हॉस्पिटल आहे पण मोठं काही झालं तर बोटीनेच बाहेर काढावं लागतं, क्राबीला फेरीने दीड-दोन तास, आणि फेरी रात्री नसते. समुद्र खवळला तर स्पीडबोटही नाही. शिवाय स्पीडबोट लाटांवर आपटते तेव्हा जे दणके बसतात ते ६८ हजार प्लेटलेट असलेल्या माणसाने का खायचे. क्राबीजवळच्या रायलेचा बीच मुख्य भूमीवर असूनही कड्यांमुळे तिथे बोटीनेच जावं लागतं, म्हणजे नकाशावर जवळ दिसतं म्हणून फसू नका.

हुआ हिन नर्सने सुचवलं. बँकॉकपासून दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटर, गाडीने तीन तास, ट्रेनही जाते, गावातच मोठी हॉस्पिटलं आहेत जिथे सीबीसीचा रिपोर्ट तासा-दोन तासात मिळतो. समुद्र काही फोटोतल्यासारखा हिरवा-निळा नाही, वाळू पसरट, पाणी गढूळसर. पण थायलंडच्या राजघराण्याने १९२० च्या दशकात आपला उन्हाळी राजवाडा तिथेच बांधला, नाव क्लाय कांगवोन, म्हणजे काळजीपासून दूर. दादाला हे नाव सांगितल्यावर तो जरा वरमला आणि बंगल्याचे पैसे सोडून दिले.

सोमवारी सकाळचा रिपोर्ट ९८ हजार. मग निघालो. तो ८० हजार आला असता, किंवा ती परत काही खायचं टाकत असती, तर आम्ही राहिलो असतो, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. आधी ठरवलेलं बरं असतं कारण बॅगा भरल्यावर कोणी रिपोर्ट नीट वाचत नाही.

व्हॅन केली, मागची सीट तिला आडवं व्हायला, दर तासाला थांबा. हुआ हिनला समुद्राच्या समोरची खोली नाही घेतली, लिफ्ट असलेली आणि हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवरची घेतली, बीच चालत चार मिनिटं.

तिथे काय केलं तर जवळजवळ काहीच नाही. सकाळी साडेसहाला जाऊन वाळूत बसायचं, आठला परत. मग झोप. मग नारळपाणी, जोक, परत झोप. संध्याकाळी पाच वाजता फुल बाह्या, रिपेलंट लावून अर्धा तास. पाण्यात फक्त पाय, आणि बीचवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेला खांब बघितल्यावर तेही घोट्यापर्यंतच, थायलंडच्या आखातात बॉक्स जेलीफिश असतात आणि त्यांचा डंख झाला तर आधी व्हिनेगर ओततात.

काय काय नाकारलं त्याची यादी मोठी आहे. बीचवर घोडे फिरवतात, भाच्याने हट्ट केला मम्मी बस ना, नाही. भाड्याची स्कूटर नाही. खाओ ताकियाब टेकडीवर देवळाला भरपूर पायऱ्या आणि माकडं, नाही. थाई मसाज, ज्यासाठी वहिनी घरून निघाली होती, अजिबात नाही, कोपर आणि अंगठ्याने दाबतात ते, कमी प्लेटलेट असताना अंगभर काळेनिळे डाग पडले असते. दादाने बीअर आणली तिचा घोट तिने मागितला तर तोही नाही, डेंगूत लिव्हरची एन्झाइम वाढलेली असतात आणि तिची होती. ती म्हणाली, मग मी इथे आले कशाला. खरं सांगायचं तर झोपायला.

मंगळवारी एक चूक झाली. तिला बरं वाटत होतं म्हणून ती आणि दादा वाळूतून चालत लांब गेले, परतताना साडेनऊ वाजले, ऊन चढलेलं, आणि तिला चक्कर आली. वाळूतच बसली. नाडी मंद होती, ५४. आम्ही घाबरलो पण बरं होताना डेंगूत नाडी मंद होते हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी हॉस्पिटलला नेलंच. दहा मिनिटं. सीबीसी १ लाख ३१ हजार, हिमॅटोक्रिट ३८, बीपी ठीक. थकवा आणि ऊन, बाकी काही नाही. हेच फी फीवर झालं असतं तर आम्ही सगळी रात्र तिच्या उशाशी बसून काढली असती, आणि कदाचित काहीच नसताना स्पीडबोट बोलावली असती.

त्याच रात्री भाचा गरम लागला. थर्मामीटर, घबराट, दादा पांढराफटक. ३७.१. पाठीवर सनबर्न होता, दिवसभर पोहला होता शर्ट न घालता.

वहिनीला खाज फार सुटली होती, तळहात-तळपाय, रात्री झोपू देईना. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने खाज जाते असं कोणी सांगितलं म्हणून तिने पाय बुडवून बघितले, उलट चरचरलं. थंड पाण्याची आंघोळ, कॅलामाइन आणि रात्री एक ॲलर्जीची गोळी ह्यावर निभावलं.

विमान आणि इन्शुरन्स

बुधवारी १ लाख ६२ हजार. गुरुवारी बँकॉकला परत, डॉक्टरबाईंनी तपासून प्रवासासाठी फिट असल्याचं पत्र दिलं, तारीख आणि फ्लाइट नंबरसकट. एअरलाइनला आधीच मेल केला होता, व्हीलचेअर घेतली, वहिनी नको म्हणत होती पण त्या एअरपोर्टवर चालण्यातच माणूस संपतो. विमानात केबिनचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, नुकतं उठलेल्या माणसाला ते जाणवतं, तिला जाणवलं, डोकं जड झालं. घरून एका नातेवाइकांनी कळवलं होतं की लांबच्या विमानप्रवासात पायात गाठी होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन द्या. परत तेच ॲस्पिरिन! नाही दिली. पाणी पीत राहिली आणि दोनदा उठून चालली.

इन्शुरन्सचं सांगते कारण त्यात आम्ही एका शब्दामुळे अडकलो. ॲडमिट झाल्यावर दोन तासांत त्यांच्या नंबरवर फोन केला, हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं, त्यात काही तक्रार नाही. क्लिनिकची रोजची बिलं आधी आम्ही भरली, नंतर मिळाली. पण सोमवारच्या क्राबीच्या तिकिटांचे पैसे नाकारले. कारण सोमवारी ती ॲडमिट नव्हती आणि क्लिनिकच्या कागदावर नुसतं डेंगू फीवर लिहिलं होतं, प्रवास करू नये असं कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी तोंडी दहा वेळा सांगितलं होतं. रविवारी त्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली असती, ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत प्रवास करू नये, तर पाच तिकिटांचे पैसे परत आले असते. बंगल्याचे पैसे तर पॉलिसीत बसतच नव्हते. दादा अजून अपील करतोय, करू दे.

घरी आल्यावर वहिनी तीन आठवडे अर्धाच दिवस कामाला गेली. दुपारी तीन वाजले की बॅटरी संपल्यासारखी. अडीच महिन्यांनी केस मुठीने गळायला लागले, ती रडली, डॉक्टरांनी सांगितलं मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि परत येतात. आता येतायत, कपाळावर बारीक उभे केस दिसतात. डेंगूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला की त्याच प्रकाराचा पुन्हा सहसा होत नाही पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जास्त जोरात होऊ शकतो, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट, एनएसवनचा आणि डिस्चार्जचा, तिने फोनमध्ये आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलेत.

परवा दादाने ग्रुपवर फी फीच्या त्याच बंगल्याची लिंक टाकली, मालक जुन्या ग्राहकांना सूट देतोय म्हणून. वहिनीने खाली विचारलं, कॅन्सल करता येतं का?